लॅबव्ह्यूत कंट्रोल रिप्लेस केल्यावर पॅनेल लुकलुकतंय, पाट्या एकमेकांवर चढल्यात

उद्यमबाग_बेंच
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक गिअर पंपांच्या टेस्ट बेंचचं पॅनेल, म्हणजे लॅबव्ह्यू या मोजमाप-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमधली स्क्रीन, मी सांभाळतो. दाब दाखवायला आधी उभा स्लाइड होता. ऑपरेटरांना काट्याची सवय, म्हणून राइट-क्लिक करून रिप्लेसमधनं सिल्व्हर पॅलेटमधला गोल काट्याचा गेज घेतला. डायग्रामवरच्या (पॅनेलमागच्या कोडच्या) वायरी जागच्या जागी राहिल्या, एक प्रॉपर्टी नोड (कंट्रोलचे गुणधर्म कोडमधनं बदलणारा) तेवढा तुटला. पण पॅनेल बघवत नाही. लेबल घसरलंय, गेज शेजारच्या पाटीवर चढलाय आणि पंप चालू असेपर्यंत ती पाटी लुकलुकत राहते. पंप बंद केला की सगळं शांत.

पाट्यांचं सांगतो. एका पाळीला खानापूरकडची मराठी पोरं असतात, दुसऱ्या पाळीला बैलहोंगलकडची कन्नड. लेबलात कन्नड टाकलं की प्रश्नचिन्हं उमटतात, देवनागरीचंही तेच. म्हणून ‘थांबवा / निल्लिसु’ अशा दोन्ही लिप्यांतल्या पाट्या चित्र करून पॅनेलवर चिकटवल्यात. दाब चढलेला असताना कुठलं बटण कशाचं, हे माणसाला स्वतःच्या लिपीत वाचता आलंच पाहिजे. तेव्हा पाट्या काढायचा सल्ला नको. डिफर पॅनेल अपडेट्स ही पॅनेलचे बदल एकदम दाखवायची सोय लावून झालीय, फरक नाही.

चिकोडीचा_वायरमन
डिस्प्ले ड्रायव्हर बघा की एकदा. आमच्याकडं तसं झालतं.

उद्यमबाग_बेंच
दुसऱ्या पीसीवर चालवून बघितलं ओ. तिथंही हेच.

काकतीकर
सर, ड्रायव्हरचा संबंध नाही. तुम्हीच लिहिलंय, पंप बंद केला की शांत. म्हणजे आकडा बदलला की गेज नव्यानं रंगवला जातो, आणि त्याच्यावर जे काही पडलंय तेही दर वेळी परत रंगवावं लागतं. कंट्रोलवर लेबल किंवा चित्र अर्धवट जरी आलं तरी स्क्रीन मंदावते आणि लुकलुकते. डिफर पॅनेल अपडेट्स बरेच बदल एकदम दाखवायला असतं, एकावर एक चढलेल्या वस्तू ते वेगळ्या करत नाही.

गेजवर एकदा क्लिक करा आणि भोवतीची तुटक रेघ नीट बघा. तबकडी गोल दिसते, पण तिचा चौकोन मोठा असतो. पाटी त्या चौकोनाच्या कोपऱ्यात घुसली असणार. रिप्लेस जुन्याचं नाव, रंग, आकार जमेल तेवढं राखतं, पण नव्या कंट्रोलची घडण वेगळी असते. जुन्यात तुम्ही हातानं केलेली सजावट सगळी त्यात येतेच असं नाही. नोड तुटला तो स्लाइडपुरत्या प्रॉपर्टीमुळं. गेजला ती नाही, गेजची शोधून लावा.

पाटी चौकोनाबाहेर काढा, लुकलुकणं तिथंच थांबेल. पण परत कुणी गेज हलवला की पाटी मागं राहणार, म्हणून ती कंट्रोलच्या आतच बसवा. ॲडव्हान्स्डमधनं कस्टमाइझ उघडा, चित्र त्या खिडकीत पेस्ट करा. बटणाच्या चालू-बंद अवस्थांना इम्पोर्ट पिक्चर आहे. मग स्ट्रिक्ट टाइप डेफ (सगळ्या ठिकाणी एकाच फाइलीतनं येणारा कंट्रोल) म्हणून सेव्ह करा. पाटी बदलायची झाली तर एका फाइलीत बदलायची, सगळीकडं बदलते. माझ्या मते दोन भाषांच्या पॅनेलला दुसरा मार्गच नाही.

आणि काटा सेकंदाला चार-पाच वेळा हलला तरी डोळ्याला पुरतं. लॉगिंग (आकडे साठवणं) वेगळ्या लूपमध्ये पूर्ण वेगानं चालू दे.

निपाणी_ऑटोमेशन
लॅबव्ह्यूच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलीत युनिकोड (सगळ्या लिप्या चालवणारी पद्धत) चालू करायची एक ओळ आहे, पण तिला कंपनीचा अधिकृत आधार नाही. चालत्या बेंचवर नको. विंडोजची भाषा बदलूनही भागत नाही, कारण लॅबव्ह्यू जुन्या कोडपेजवर (ठरावीक लिपीपुरत्या अक्षरसंचावर) चालतं आणि कन्नड किंवा देवनागरीला तसं कोडपेजच नाही. चित्राचा मार्ग बरोबर आहे तुमचा. इमर्जन्सी स्टॉप मात्र हार्डवायर्डच (थेट वायरीनं जोडलेला) असू दे, स्क्रीनवर भरवसा नको.

उद्यमबाग_बेंच
काकतीकर, पाटीचा कोपरा खरंच गेजच्या चौकोनात होता. बाजूला घेतली, आता पूर्ण दाबावरही पाटी स्थिर आहे. इमर्जन्सी स्टॉप पहिल्यापासून हार्डवायर्ड आहे. बटणं टाइप डेफमध्ये घालायलोय. एक विचारतो, स्ट्रिक्ट केलं तर प्रत्येक बटणाचं लेबल वेगळं ठेवता येईल का? कोडमध्ये मी लेबलावरनंच बटण ओळखतो.

काकतीकर
येतंय की. लेबल, डिस्क्रिप्शन आणि डिफॉल्ट व्हॅल्यू प्रत्येकाची वेगळी ठेवता येते. पॅनेलवर लेबल लपवा, पाटी तेवढी दिसू दे. पण पाटीचं चित्र प्रत्येक बटणाला वेगळं, म्हणजे टाइप डेफच्या फाइलीही तितक्याच कराव्या लागतील.