ग्रोथ हार्मोनची सुई की पेप्टाइड?

अर्धीझोप: वय ४६. रक्ततपासणीत ग्रोथ हार्मोनचा अंदाज देणारं आयजीएफ-१ थोडं कमी निघालं. जिमचा ट्रेनर म्हणतो, "हार्मोन बाहेरून कशाला? इपामोरेलिन घे, शरीर स्वतःच बनवेल." ऐकायला पटतं. खरा फरक काय?

उजवीमूठ: सात वर्षं रोज रात्री सोमाट्रोपिन, म्हणजे ग्रोथ हार्मोनच, टोचतोय. हे हार्मोन बनवणाऱ्या पिट्यूटरीवरची गाठ काढली, तिच्याबरोबर बरीचशी ग्रंथीही गेली. इपामोरेलिनसारखं पेप्टाइड म्हणजे पिट्यूटरीच्या दारावर थाप. घरात कुणी नसेल तर थापा मारून काय उपयोग? त्यामुळे मला निवडच नव्हती.

तुमची ग्रंथी शाबूत असेल तर गोष्ट वेगळी. सर्मोरेलिन, टेसामोरेलिन ही पेप्टाइडं म्हणजे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या निरोपाची नक्कल, इपामोरेलिन घ्रेलिन या भुकेच्या हार्मोनची. हार्मोन लाटांनी सुटतं आणि ते रोखणाऱ्या सोमॅटोस्टॅटिनचा लगाम कायम राहतो. सुईने घेतलेल्या हार्मोनला तो लगाम नाही, डोस चुकला की भोगायचं आपणच. माझा सुरुवातीला जास्त झाला होता. अंगठी साबण लावूनही निघेना. पहाटे अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. एकदा पाण्याचा पेला हातातून सुटला तेव्हा कळलंसुद्धा नाही. डोस उतरवल्यावर महिन्याभरात गेलं.

पहाटपळ: मी तीन महिने इपामोरेलिन घेतोय. झोप मस्त, त्रास शून्य. नैसर्गिक आहे हो.

उजवीमूठ: नैसर्गिक काय त्यात? प्रयोगशाळेत बनतं. टेसामोरेलिनला अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली, तीही एचआयव्हीच्या रुग्णांच्या पोटावरच्या चरबीसाठी. इपामोरेलिन मान्यताप्राप्त औषध नाही, म्हणजे कुपीत नेमकं काय आहे याची हमी विकणाऱ्याच्या शब्दावर. साखर तपासलीत का? वाढलेलं हार्मोन इन्सुलिनच्या कामात आडवं येतं, मग ते आलं कुठूनही असो. आणि स्पर्धेत धावत असाल तर हार्मोन आणि पेप्टाइड दोन्ही वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहेत.

अर्धीझोप, एका आकड्यावर निदान होत नाही. ग्रंथीला डिवचून हार्मोन किती सुटतं ते बघणारी उत्तेजन चाचणी लागते. गंमत म्हणजे त्यासाठी घ्रेलिनच्याच कुळातलं मॅसिमोरेलिन वापरतात: प्यायचं, मग ठरावीक वेळाने रक्त द्यायचं. मधल्या काळात जेवण, वजन काही बदललं होतं का?

अर्धीझोप: पाच महिन्यांत अकरा किलो उतरवलं. रात्रीचं जेवण बंदच आहे.

उजवीमूठ: मग ट्रेनरच्या आधी हे एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरांना) सांगा. उपाशी शरीरात यकृत आयजीएफ-१ कमीच बनवतं.