वंशावळीत गावाचं नाव कोणतं लिहायचं, तेव्हाचं की आताचं?

झोडग्याची_लेक (नाशिक रोड):
वडिलांच्या दशक्रियेला रामकुंडावर गेलो होतो. आमच्या गावच्या तीर्थोपाध्यांनी लाल फडक्यात बांधलेली लांबट वही सोडली आणि मोडीतल्या एका ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं: "मौजे झोडगे, तालुके मालेगाव, जिल्हे खानदेश, शके १७८६." पुढे माझे खापरपणजोबा आणि त्यांचे वडील, दोघांची नावं. मी ती ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली.

आता चुलतभाऊ सगळी वंशावळ कॉम्प्युटरवर चढवतोय. त्याने "खानदेश" खोडून "नाशिक" केलं. म्हणाला, जुन्या लोकांची चूक असणार, मालेगाव तर नाशकातच आहे.

त्याहून जास्त मला पणजीचं लागलंय. तिचं नाव कुणालाच माहीत नाही. आत्या सांगते, घरात सगळे तिला "निमगाववाली" म्हणायचे. तिचं म्हणून एवढंच उरलंय. भावाने "निमगाव" टाइप केलं, खाली गावांची यादी आली, त्यातलं पहिलं त्याने निवडलं. ते निघालं भलत्याच जिल्ह्यातलं. आता माझ्या पणजीचं माहेर तिकडे लागलंय. जाणकारांनी सांगा, तुम्ही कसं लिहिता?

गंगाकाठ:
ताई, मी सगळीकडे आजचंच नाव लिहितो. उद्या नातवंडांनी नकाशात शोधलं तर गाव सापडलं पाहिजे. "खानदेश" टाकून काय सापडणार?

मोडीवाचक:
दादा, आजचं नाव जरूर लिहा, पण दुसऱ्या रकान्यात. पहिल्या रकान्यात कागदावर आहे तेच, ऱ्हस्व-दीर्घासकट.

ताई, वहीत चूक नाही. शके १७८६ म्हणजे इसवी सन १८६४. नाशिक जिल्हा झाला १८६९ मध्ये. मालेगाव, नांदगाव, बागलाण हा भाग तेव्हा खानदेशातून काढून नाशकाला जोडला. म्हणजे तुमच्या खापरपणजोबांनी लिहवलं ते अगदी बरोबर. भावाला हे जरूर सांगा, कारण तो "नाशिक" धरून १८६९ आधीचे कागद शोधायला गेला तर चुकीच्या दप्तरात बसेल. आणखी एक, भाऊबंदांपैकी कुणी धुळ्याकडे गेलं असेल तर १९०६ नंतरच्या दाखल्यांवर "पश्चिम खानदेश" दिसेल. तेही खोडू नका. नुसत्या त्या शब्दावरून कागद कोणत्या काळातला ते कळतं.

माझ्याकडे अंजनेरीच्या एका घराचं काम आहे. जुन्या कागदांत तालुका नाशिक, १९९९ नंतरच्या कागदांत त्र्यंबकेश्वर. गाव जागचं हललेलं नाही. मी दोन्ही लिहितो आणि शेजारी कोणत्या कागदावरून घेतलं तेही.

कसमादेकर:
निमगावबद्दल सांगतो. आपल्याच जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात निमगाव आहे, येवल्यात निमगाव मढ, निफाडमध्ये निमगाव वाकडा. यादीतलं पहिलं उचलू नका. सध्या नुसतं "निमगाव" ठेवा, पुढे "तालुका कळलेला नाही" असं लिहा.

पण ताई, एक वाट आहे. आजोबा पणजीचं पहिलं मूल होते का? पहिलं बाळंतपण माहेरी होतं, मग जन्माची नोंदही माहेरच्या गावाच्या कोतवाल बुकात असते, म्हणजे गाव नमुना चौदा. झोडग्याच्या बुकात शोधून ती मिळायची नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून जन्मसाल काढा आणि त्या सालाचं बुक तिन्ही निमगावांचं बघा. शाळेत तारीख अंदाजे टाकायचे, म्हणून मागची-पुढची दोन वर्षंही चाळा. बापाच्या नावापुढे "रा. झोडगे" दिसलं की गाव पक्कं.

झोडग्याची_लेक:
हो, आजोबा थोरले! हे मला सुचलंच नव्हतं. आम्ही आजवर झोडग्याचंच बुक उलटसुलट पाहत होतो आणि नोंद फाटून गेली असं समजत होतो.

झोडग्याची_लेक (अठरा दिवसांनी):
मिळाली. शाळेत साल १९०८ होतं, नोंद निघाली १९०७ ची, मालेगावच्या निमगावच्या बुकात. पान कडेला कसरीने खाल्लंय, पण ओळ शाबूत आहे. "मुलगा", पुढे पणजोबांचं नाव आणि "रा. झोडगे". आईच्या नावाला रकानाच नाही.

नकलेचा अर्ज देऊन आले. भावाने "खानदेश" परत लिहिलं, शेजारी आजचा जिल्हा. पणजीच्या चौकटीत आता "निमगाववाली (निमगाव, ता. मालेगाव)" आहे. मोडीवाचक काका, निमगावचे तीर्थोपाध्ये कोण, हे पंचवटीत कुठे विचारायचं? तिचे वडील किंवा भाऊ कधी रामकुंडावर आले असतील, तर त्यांच्या ओळीत लेकीचं नाव असेल का, ते बघायचंय.