मदत हवी: गोव्यातल्या साखळीच्या दमट खोलीत आय५ ९६००के ओव्हरक्लॉक करतोय, तापमान ९८ अंशांवर जातंय

नमस्कार मंडळी,

चवथ (गणेशचतुर्थी) तीन आठवड्यांवर आली आणि ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या वर पळवलेला माझा कॉम्प्युटर अजून भरवशाचा नाही, म्हणून हा धागा. प्रश्न थोडा लांबला आहे, पण सगळे आकडे देतो, म्हणजे तुम्हाला एकेक विचारत बसावं लागणार नाही.

आमच्या वाड्यावर आणि आजूबाजूच्या गावांत चवथीला घुमट आरत्या होतात, म्हणजे घुमट या मडक्यासारख्या वाद्याच्या साथीने म्हटलेल्या. गेली चार वर्षं मी त्यांचं तीन कॅमेऱ्यांनी चित्रीकरण करतो. एडिट झालेला व्हिडिओ एक्स२६५ या प्रोग्रामने एन्कोड करून, म्हणजे आकाराने लहान करून, प्रत्येक मंडळाला पेन ड्राइव्हवर देतो. ग्राफिक्स कार्डावर एन्कोडिंग झटपट होतं हे मला माहीत आहे. पण समईच्या उजेडातल्या अंधाऱ्या चौकात त्या फाइलमध्ये चौकटी दिसायला लागतात आणि शामेळ वाजवणाऱ्याचे हात नुसते पुसट होतात. म्हणून प्रोसेसरवरच, 'स्लो' प्रीसेटला (हळू पण चांगल्या दर्जाच्या सेटिंगला) करतो. एका रात्रीच्या आरत्यांना साधारण आठ तास लागतात, आणि चवथीत अशा रात्री ओळीने येतात.

मशीन असं: इंटेल कोअर आय५ ९६००के, झेड३९० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १२० मिमीचा एक पंखा असलेला टॉवर कूलर. कॅबिनेटला पुढे काच आहे, मागे एकच पंखा. सगळं डिसेंबरात सेकंडहँड घेतलं.

मूळ सेटिंगवर सहाही कोअर ४.३ गिगाहर्ट्झवर चालतात. खोली ३१ अंश असताना एन्कोड करताना ७२ अंश, पॅकेज पॉवर (प्रोसेसर खातो ती वीज) साधारण ८५ वॅट, व्होल्टेज १.१४. इथपर्यंत काही तक्रार नाही.

गेल्या रविवारी बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) मल्टिप्लायर ४८, म्हणजे वेग ४.८ गिगाहर्ट्झ केला आणि व्होल्टेज ऑटोवरच ठेवलं. विंडोज सुरू झालं, सगळं चाललं. एन्कोड लावल्यावर दहा मिनिटांत ९८ अंश. एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये व्होल्टेज १.३६, पॉवर १३५ ते १४० वॅट. मधूनमधून १०० ला टेकून वेग आपोआप कमी होत होता. आठ तासांचं काम सात तास पन्नास मिनिटांत झालं, म्हणजे एवढा ताप देऊन दहा मिनिटं वाचली.

खोली माडीवरची, वर कौलं, एसी नाही. पावसात खिडकी उघडली की दमट हवा आत येते. माझ्या एका लेन्सला मागच्या ऑगस्टमध्ये बुरशी लागली, त्यामुळे दमटपणाची मला खरंच भीती वाटते. रात्री एन्कोड लावून झोपतो, आणि आई दोनदा उठून दार उघडून बघून जाते की काही जळत तर नाही ना.

तर विचारायचं आहे ते हे. याच कूलरवर ४.७ किंवा ४.८ सुरक्षितपणे चालेल का, की वॉटर कूलर घ्यावाच लागेल? रात्रभर चालवायचं तर किती अंशांपर्यंत निर्धास्त राहावं? आणि या दमटपणात ओव्हरक्लॉक केल्याने आत पाणी धरण्याचा धोका वाढतो का?

फोंडेकर:

तुमचे आकडे वाचून बरं वाटलं, बहुतेक लोक फक्त 'गरम होतं' एवढंच लिहितात.

आधी पाण्याचं. हवेवरचा कूलर असो की साधा वॉटर कूलर, दोन्ही खोलीच्या तापमानाखाली काहीच नेऊ शकत नाहीत. चालू मशीन खोलीपेक्षा गरमच असतं आणि गरम पृष्ठभागावर दव धरत नाही. धोका उलटा आहे: महिनोन् महिने बंद पडलेलं थंड मशीन. रोज चालवा, तेच त्याला बरं. कॅबिनेट तेवढं जमिनीवर आणि भिंतीला चिकटून ठेवू नका, पावसात चिऱ्याच्या भिंतीला ओल सुटते.

आता खरा दोष. तो कूलरचा नाही, 'ऑटो'चा आहे. प्रोसेसरची वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तुमचेच आकडे घ्या: वेग ४.३ वरून ४.८ झाला म्हणजे १२ टक्के वाढला. व्होल्टेज १.१४ वरून १.३६ झालं, त्याचा वर्ग केला की ४२ टक्के वाढ. दोन्हींचा गुणाकार ५९ टक्क्यांच्या आसपास जातो. ८५ वॅटचे १३५ झाले ते असे. मशीन बंद पडू नये म्हणून बोर्ड ऑटोमध्ये हात सैल सोडून व्होल्टेज देतो, आणि त्याचा ताप तुमच्या कूलरला.

पद्धत सांगतो. रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) आधी बंद करा, म्हणजे चूक कुठली ते कळेल. व्होल्टेज हाताने १.२२ द्या, मल्टिप्लायर ४५. एलएलसी (लोडखाली उतरणारं व्होल्टेज सावरणारी सेटिंग) मधल्या पायरीवर, सगळ्यात वरच्या पायरीवर कधीच नको, कारण लोड सुटल्यावर व्होल्टेज उसळी मारतं. सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरची चाचणी दहा मिनिटं चालवा. पास झालं तर ४६, मग ४७. अडकलं तरच व्होल्टेज ०.०१ ने वाढवा. रोजच्या वापराला मी स्वतः १.३० च्या वर गेलो नसतो. इंटेलची मर्यादा १०० अंशांची आहे आणि तिथे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, त्यामुळे लगेच जळणार नाही, हे आईंना सांगा. पण रात्रभराच्या कामाला मी ८५ ही रेघ धरतो. पावसातल्या ३० अंशांत ८५ म्हणजे मे महिन्यातल्या ३५ अंशांत ९०, हा हिशेब विसरू नका.

एव्हीएक्स ऑफसेट शून्य ठेवा. एव्हीएक्स या जड सूचना चालताना वेग किती कमी करायचा, ते तो ठरवतो. लोक तो लावून ४.८ दाखवतात, पण एक्स२६५ एव्हीएक्स२ वापरतं, म्हणजे तुमच्या कामाला प्रत्यक्षात मिळणार तो ऑफसेट वजा केलेला वेग. तुमच्यासाठी एन्कोड करताना टिकतो तोच खरा वेग.

आणि एक करून बघा. बाजूचं झाकण काढून तोच एन्कोड पंधरा मिनिटं चालवा. तापमान पाच अंशांहून जास्त उतरलं तर पैसे कूलरवर घालू नका, पंख्यांवर घाला.

साखळीकर:

झाकण काढून बघितलं. ९८ चे ९१ झाले! म्हणजे पुढची काचच सगळी हवा अडवत होती.

डिचोलीतून:

दादा, मी तापमानाचं नाही, दुसरंच सांगतो, कारण माझं त्यात नुकसान झालं आहे. ओव्हरक्लॉक अर्धवट स्थिर असेल तर मशीन दर वेळी बंद पडत नाही. कधी कधी ते नुसतं चुकतं. माझ्या एका लग्नाच्या व्हिडिओत मधली काही सेकंदं हिरवी आली, आणि मूळ फाइलही मी त्याच मशीनवर कॉपी करून कार्ड पुसलं होतं. ती परत मिळाली नाहीत.

तुमच्या आरत्या पुन्हा होणार नाहीत. तेव्हा बायोसमध्ये दोन प्रोफाइल करा. कार्ड कॉपी करताना मूळ सेटिंग, कॉपी दोन ठिकाणी, आणि चेकसम (फाइल बिघडली नाही ना हे तपासायचा आकडा) जुळल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. एन्कोडला दुसरं प्रोफाइल. एचडब्ल्यूइन्फोमध्ये खाली डब्ल्यूएचईए एरर्सची, म्हणजे विंडोजने नोंदलेल्या हार्डवेअरच्या चुकांची ओळ असते, तिथे शून्याशिवाय काही दिसलं तर ते सेटिंग नापास, मग सिनेबेंच कितीही पास होवो.

साखळीकर:

अकरा दिवसांनी लिहितो आहे, उशिराबद्दल माफ करा.

म्हापशाच्या दुकानातून १२० मिमीचे दोन साधे पंखे आणले, पुढची काच काढून तिथे पातळ जाळी लावली. कूलर काढला तर प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट वाळून खपली झाली होती, ती साफ करून नवी लावली. मूळ सेटिंगवरच ७२ चे ६५ झाले, खोली तशीच ३१.

मग फोंडेकरांनी सांगितलं त्या क्रमाने गेलो. ४५ आणि ४६ ला १.२२ पुरलं. ४७ ला १.२५ लागलं, सिनेबेंच तीनदा पास झालं, मी खूश. पण खऱ्या एन्कोडला चौथ्या तासाला डब्ल्यूएचईएच्या ओळीत २ दिसले. ते सांगितलं नसतं तर मी तिकडे बघितलंही नसतं. आणखी व्होल्टेज देता आलं असतं, पण मी ४६ वर परत आलो.

आता ४.६ गिगाहर्ट्झ, १.२२ व्होल्ट, खोली ३० असताना ७४ अंश. सलग चार रात्री एकही एरर नाही. आठ तासांचं काम साडेसात तासांत होतं. फरक अर्ध्या तासाचाच आहे, पण सकाळी मंडळाची पोरं यायच्या आत फाइल तयार असते, मला तेवढंच हवं होतं.

डिचोलीकर दादा, तुमचं वाचून त्याच रात्री गेल्या वर्षीच्या सगळ्या कार्डांचे चेकसम काढले. त्यातल्या एका आरतीत आमच्या वाड्यावरचे सर्वांत जुने घुमटवादक आहेत, ते यंदा नाहीत. ती फाइल बरोबर निघाली. आता तिच्या दोन प्रती आहेत, एक माझ्याकडे आणि एक त्यांच्या मुलाकडे.

दोघांनाही देव बरें करूं. मे महिन्यातले आकडे याच धाग्यावर टाकीन.