सोयाबीन: सरकारनं माल घ्यावा, का फरक खात्यात टाकावा?

वाशीमकर
2025-26 चा हमीभाव 5328 रुपये. बाजारात समजा 4200 भेटले, तर क्विंटलमागं 1128 चा फरक. खरेदी केंद्र, बारदाना, गोदाम, हमाली एवढा पसारा मांडण्यापेक्षा हा फरक सरळ खात्यात टाकला तर सरकारलाही स्वस्त नाही का पडणार? घेतलेला माल शेवटी बाजारातच तर विकतात.

मंडी_अभ्यासक
मध्य प्रदेशनं 2017 च्या खरिपात भावांतर योजना आणून हेच केलं. फरक तुमच्या पावतीवरून नव्हे, मंड्यांच्या मॉडल दरावरून (ज्या भावानं सगळ्यात जास्त माल विकला जातो तो दर) निघायचा. विक्रीची मुदत ठरलेली, त्यामुळं सगळा माल एकदमच मंडीत आला. उरलेले पैसे सरकार देणार हे व्यापाऱ्याला माहीतच होतं, त्यानं बोली वर नेली नाही. ज्याला मॉडलपेक्षा कमी भाव मिळाला, त्याच्या हाती हमीभाव पूर्ण पडलाच नाही. गोदामाचा खर्च वाचतो हे खरं आहे. पण मुदत पाच-सहा महिन्यांची ठेवली नाही, तर अनुदानाचा वाटा व्यापाऱ्याच्या खिशात जातो.

कारंजा_शेतमाल
भाऊ, खरेदीतली खरी गळती ओलाव्यात आहे. खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा 12 टक्के (2024 मध्ये केंद्र सरकारनं ती 15 केली होती), काडीकचरा 2 टक्के. पाऊस लांबला की माल 15-16 वर निघतो आणि परत पाठवतात. पैशाची नड असलेला माणूस तोच ट्रॅक्टर सरळ व्यापाऱ्याकडं वळवतो. म्हणजे हमीभाव पोचतो तो थांबू शकणाऱ्यालाच.

हिशोब करून पाहा. 15 टक्क्यांचा एक क्विंटल 12 वर आणला की 96.6 किलो उरतो. त्याचे हमीभावानं 5147 होतात, म्हणजे वजनातली घट धरूनही 4200 पेक्षा 947 जास्त. ताडपत्रीवर दोन-तीन इंच थर द्या, तासा-तासाला पाय मारून हलवा, दव पडायच्या आत झाका. 10 च्या खाली नेऊ नका, दाणा फुटून डाळ होते आणि वजनही जातं.

यवतमाळ_कोरडवाहू
तिसरा मार्ग हेक्टरी मदतीचा. 2023 च्या खरिपासाठी राज्यानं सोयाबीन-कापसाला हेक्टरी 5000, दोन हेक्टरपर्यंत दिले. बाजारभावाला त्याचा धक्का लागत नाही, गोदामही लागत नाही. माझ्या मते सगळ्यात कमी गळती यातच. पण पैसा सातबाऱ्यामागं जातो. मक्त्यानं करणाऱ्याची ई-पीक पाहणी (मोबाईलवरची पिकाची सरकारी नोंद) मालकाच्या नावानं, बियाणं-खत-फवारणी याच्या खिशातून, आणि मदत मालकाच्या खात्यात! ही चूक दुरुस्त होत नाही तोवर मी या पद्धतीला पूर्ण पाठिंबा देणार नाही.

आणखी एक. मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलाचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. तेल आणि ढेपेचा भाव पडला तर सोयाबीनही उतरतं, हमीभावाचा फरक वाढतो, आणि तो भरायला तिजोरीतूनच जास्त पैसा लागतो. एका हातानं भाव पाडायचा, दुसऱ्या हातानं भरपाई द्यायची, यात पैसा वाया जातोच.

वाशीमकर
पण केंद्र उघडेपर्यंत हात अडला तर?

कारंजा_शेतमाल
बाजार समितीत शेतमाल तारण (माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज) विचारा. किमतीच्या 75 टक्के कर्ज, 6 टक्के व्याज, मुदत 180 दिवस. 20 क्विंटलला 4200 धरले तर 63,000 हाती येतात, तीन महिन्यांचं व्याज 945. सगळ्याच समित्या ते चालवत नाहीत, म्हणून सोंगणीच्या आधीच चौकशी करा. आणि माल तिथंही वाळलेलाच न्या.