कोरियन सांगगाम जडावकाम: रेघेत भरलेली स्लिप चिरते, सल्ला हवा

चाकावरची:
कोरियातल्या गोर्यो राजवटीच्या काळातल्या सेलॅडॉनवर (हिरवट ग्लेझची, म्हणजे काचेसारख्या लेपाची भांडी) असतं तसं जडावकाम, म्हणजे सांगगाम, स्टोनवेअरवर (उच्च तापमानाला भाजलेली घट्ट माती) करायचं आहे. रेघा कोरून पांढरी स्लिप (पाण्यात कालवलेली माती) भरली की वाळताना मधोमध चिरते, बिस्कनंतर (ग्लेझआधीची पहिली भाजणी) कुठे कुठे पापुद्राच निघतो. काळ्यासाठी काय घ्यावं? भट्टी इलेक्ट्रिक आहे, 1240 अंशांपर्यंत जाते.

भट्टीकर:
चिरते ती आकुंचनामुळे. भांडं कोरण्याइतकं घट्ट होईपर्यंत त्याचं बरंचसं आकुंचन होऊन गेलेलं असतं, ओल्या स्लिपचं सगळं बाकी असतं. त्यामुळे पांढऱ्या स्लिपमध्ये बॉल क्ले (चिकट, जास्त आकसणारी माती) कमी करून चायना क्ले (कमी आकसणारी पांढरी माती) वाढवा. स्लिप घट्ट दह्यासारखी हवी आणि एका दमात भरायची नाही. ब्रशने पहिला हात, चकाकी गेली की दुसरा, मग तिसरा, शेवटी रेघेवर उंचवटा राहिला पाहिजे; तो नंतर पात्याने खरवडून सपाट करायचा.

पापुद्रा सुटतो तो भांडं जास्त वाळल्यावर भरल्यामुळे. लेदर-हार्ड (चामड्याइतकं घट्ट, पण अजून ओलसर) असतानाच कोरा आणि भरण्याआधी खाच ओल्या ब्रशने पुसून घ्या. खाच दीड मिलिमीटर खोल, कडा उभ्या. उथळ रेघ खरवडताना निघून जाते. भिंत मात्र 6-7 मिलिमीटर जाड ठेवा.

रेघोटी:
खरवडायची वेळ सांभाळा, निम्मं काम तिथेच बिघडतं. पात्याखाली मातीचा किस गुंडाळून निघाला तर वेळ बरोबर. लगदा निघाला तर थांबा, नाहीतर पांढरं सगळीकडे फासलं जाईल. भुकटी उडाली तर उशीर झाला, रेघेच्या कडा तुटतील. स्पंजने पुसू नका, रेघ धूसर होते. दोन रंग असतील तर एक पूर्ण खरवडून मगच दुसऱ्याची खाच कोरा.

भट्टीकर:
काळ्यासाठी कोरियात लोहयुक्त लाल माती भरत, ती रिडक्शनमध्ये (भट्टीत हवा कमी ठेवून केलेली भाजणी) काळी पडते. तुमच्या भट्टीत भांड्याचीच माती वाळवून, चाळून त्यात 8-10 टक्के काळा स्टेन (मातीत मिसळायची तयार रंगभुकटी) घाला, आकुंचनही आपोआप जुळेल. भुकटी हाताळताना मास्क लावा.

आता स्पष्टच सांगतो: तो हिरवट रंग इलेक्ट्रिक भट्टीत येणार नाही. ग्लेझमधल्या एक-दोन टक्के लोहाला रिडक्शन मिळालं तरच तो रंग येतो, ऑक्सिडेशनमध्ये (भरपूर हवेतली भाजणी, इलेक्ट्रिक भट्टीत तीच होते) तेच ग्लेझ पिवळट होतं.

चाकावरची:
मग काय करू?

रेघोटी:
बुन्चाँग करा. 15व्या शतकात, गोर्योनंतरच्या जोसॉन राजवटीत, सेलॅडॉनमधूनच ते निघालं: करडी माती, पांढरी स्लिप, पारदर्शक ग्लेझ. इन्ह्वा पद्धतीत कोरण्याऐवजी छोट्या फुलांचे ठसे ओळीने उमटवतात आणि त्यात स्लिप भरून खरवडतात. ऑक्सिडेशनमध्येही छान दिसतं. ग्लेझ पातळच लावा, जाड थरात बुडबुडे अडकून नक्षी दुधाळ होते. ठसे बिस्क केलेल्या मातीचे करा, प्लास्टरच्या कडा लवकर झिजतात.

कोरलेल्या जडावकामाचा नमुना बघायला सोलच्या कान्सोंग संग्रहालयातली ढग-क्रौंचांची मेब्यांग (रुंद खांद्यांची, अरुंद तोंडाची) बरणी घ्या. वर्तुळातले क्रौंच वर झेपावतात, बाहेरचे खाली येतात. फोटो मोठा करून क्रौंचांचे पाय पाहा. काळी रेघ किती बारीक ठेवायची ते तिथे कळेल.