नव्या पिकअपच्या हौद्यातलं स्प्रे कोटिंग सुटतंय. पूर्ण काढू की ठिगळ मारू?

नमस्कार मंडळी,

मी तासगाव भागातला द्राक्षबागायतदार. खरड छाटणी उरकल्यावर जुनी गाडी देऊन नवी पिकअप घेतली. जुनीचा हौदा खतानं खाल्ला होता. पोतं फाटायचं, वर पावसाचे चार थेंब पडायचे आणि ते पाणी पत्र्याच्या सांध्यात मुरायचं. शेवटी शेवटी हौद्यातून खालचा रस्ता दिसायचा. म्हणून या खेपेला गाडीत पहिलं पोतं पडायच्या आधीच हौद्याला स्प्रेचं कोटिंग करून घ्यायचं ठरवलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात सांगलीतल्या एका गॅरेजला गाडी दिली. १९ हजार रुपये घेतले. त्या दिवशी सकाळपासून रिपरिप चालू होती. त्यांनी माझ्यासमोर हौदा धुतला, फडक्यानं पुसला आणि तासाभरात मारायला घेतलं. संध्याकाळी गाडी ताब्यात. दिसायला झकास, काळंभोर, हाताला खरखरीत. घरी सगळ्यांनी हात फिरवून बघितला.

तीन आठवड्यांनी फाळक्याच्या कडेला नखाएवढी पापडी उचललेली दिसली. ओढली तर वीतभर पट्टी सोललेल्या केळीसारखी हातात आली. खाली कंपनीचा पांढरा रंग जसाच्या तसा चकचकीत, पॉलिश पेपरचा एक ओरखडा नाही. तळाला दोन-तीन ठिकाणी फुगे आलेत, अंगठ्यानं दाबले की आत पाणी हललेलं कळतं. उन्हात तिरपं बघितलं तर सगळीकडे सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. शिवाय कोपऱ्यातली पाणी जायची भोकंही कोटिंगनं बुजवून टाकलीत, त्यामुळे पाऊस पडला की हौद्यात तळं.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, माल टाकताना खरचटलं असेल. अहो, आजवर रिकामे क्रेट आणि दोन खेपा बेदाण्याचे बॉक्स, एवढंच नेलंय. सुटलंय तिथं वरून फुकट मारून देतो म्हणतोय. मला ते पटत नाही. खाली पाणी कोंडून राहिलं आणि पत्रा आतल्या आत गंजला तर वरून कळणारसुद्धा नाही. उघडा पत्रा निदान डोळ्यांना दिसतो तरी.

ऑक्टोबर छाटणी लागली की गाडीला एक दिवस उसंत नाही, त्याआधी हे मिटवायचंय. ठिगळ टिकेल का? पूर्ण काढायचं तर खालचा रंग न दुखावता कसं काढायचं? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

प्रतिसाद १
दादा, मी कुपवाड एमआयडीसीत फ्लोअर कोटिंगची कामं करतो. मटेरियल वेगळं, पण दुखणं तेच. चकचकीत रंगावर हे पकड घेत नाही. आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं सगळी चमक मारायची, धूळ काढायची, मग सॉल्व्हंटनं पुसून पूर्ण वाळवायचं. ही तयारी हेच खरं काम, फवारणी थोड्या वेळात होते. तुमच्याकडे तीच टाळलेली दिसते.

भोकांचं कारण बहुतेक ओल. या मटेरियलचे दोन भाग असतात, त्यातला आयसोसायनेटचा भाग पाण्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्याचे बुडबुडे थरात राहतात. हे कोटिंग दोन जातींचं मिळतं: पॉलियुरेथेनमध्ये हे जास्त होतं, पॉलियुरियात कमी. काय मारलं होतं ते बिलावर बघा.

सुटलेल्यावर वरून थर अजिबात मारू देऊ नका. नाण्यानं हौदाभर ठोकून बघा. घट्ट असेल तिथं आवाज टणक येतो, सुटलं असेल तिथं पोकळ. पोकळ भाग खडूनं आखा आणि घट्ट कडेपर्यंत कापून काढा. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं उचला, लोखंडी खरवडणी नको. आणि जाळून किंवा ब्लो टॉर्चनं काढू नका, तो धूर फुप्फुसाला फार वाईट.

धागाकर्ता
आभारी आहे दादा. लगेच नाणं घेऊन बसलो. चाकांवरच्या उंचवट्यांना आणि बाजूच्या पत्र्याला आवाज टणक आहे, तळाचा निम्म्याहून जास्त भाग पोकळ. बिलावर नुसतं 'कोटिंग' लिहिलंय, म्हणजे काय मारलं ते गॅरेजवाल्याकडून लिहूनच घ्यावं लागेल.

कोपऱ्यातली भोकं कटरनं गोल कापून मोकळी केली. एका कोपऱ्यातून वाटीभर पिवळट पाणी निघालं. पिवळेपणा गंजाचाच असावा असं वाटतंय, कारण खत तर अजून भरलंच नाही. उद्या ऊन पडलं की तळ सोलतो आणि फोटो टाकतो.

एकच विचारायचं राहिलं: तळ नवा मारला तर बाजूच्या जुन्या कोटिंगला तो जोडावर धरेल का, की तिथंही पॉलिश पेपर मारून थर वर चढवून घ्यावा लागेल?