विमानाच्या एक्झॉस्ट जोडांना तांबे की निकेल?

मूळ मत (तुमसर):
तुमसरजवळच्या आमच्या गावात थोरल्या भावाचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान आहे आणि मी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर प्रशिक्षण विमानांच्या इंजिनांवर काम करतो. सायलेन्सरचे नट आवळताना भाऊ नेहमी विचारतो, की हाच तांब्याचा अँटी-सीझ (उष्णतेने नट जाम होऊ नयेत म्हणून आट्यांना लावायचा लेप) विमानाला का चालू नये? माझ्या मते एक्झॉस्टच्या (इंजिनातला जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडांना निकेलचाच लेप असावा, कारण तो साधारण १३०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. गेल्या पावसाळ्यात लेप न लावता कोरडाच बसवलेला एक स्टड (डोके नसलेला बोल्ट) सोडवताना पान्याखालीच तुटला आणि सिलिंडर हेडच्या ॲल्युमिनियममधले आटे न दुखावता उरलेला तुकडा ड्रिलने काढण्यात माझा अख्खा दिवस गेला.

प्रतिसाद (दारव्हा):
भाऊ, स्टडचा अनुभव पटला, निष्कर्ष मात्र पटला नाही. तांब्याचा लेप ९८० अंशांपर्यंत टिकतो, पिस्टन इंजिनाचा एक्झॉस्ट वायू बहुधा ७०० ते ८५० अंशांदरम्यान असतो आणि जोडाचा धातू त्याहूनही थंड राहतो. मग महागडे निकेल कशासाठी? शिवाय निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांच्या हाताला पुरळ उठते, आणि विमान देखभालीत तांब्याचा लेप वर्षानुवर्षे वापरात आहे.

उत्तर (तुमसर):
तापमानाचा आपला मुद्दा मी मान्य करतो. माझी खरी भीती भावाच्या दुकानातल्या लेपाच्या त्या डब्याची आहे, ज्यावरचे लेबल तेलाने केव्हाच पुसले गेले आहे. त्यात जस्त असेल तर ते ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि तापलेल्या स्टेनलेस स्टीलच्या कणांमधल्या सीमांत शिरून त्याला ठिसूळ करते. म्हणूनच अमेरिकी विमान प्रशासनाचे मार्गदर्शन एक्झॉस्टवर जस्ताचा मुलामा असलेली हत्यारे वापरायलाही मनाई करते. कॉकपिटला ऊब देणारी हवा अनेक लहान विमानांत मफलर म्हणजे सायलेन्सरभोवतीच्या आवरणातून येते. त्या मफलरला तडा गेला तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड थेट वैमानिकापर्यंत पोहोचतो.

प्रतिसाद (दारव्हा):
जस्ताविषयी आपण म्हणता ते योग्यच आहे, आणि लेबल नसलेला डबा मीही हँगरात येऊ देणार नाही. मॅन्युअलमध्ये ज्याचे नाव असेल तोच लेप लावावा. तो तांब्याचा असेल तर आपणही निकेलचा आग्रह सोडावा. एक गोष्ट मात्र राहिली: लेपामुळे आट्यांतले घर्षण घटते, त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या पिळाच्या जोरावरच) नट आवळला, तर स्टडवर ताण जास्त येतो. आपला पुढचा स्टड त्यानेही तुटू शकेल, तेव्हा दिलेला टॉर्क कोरडा की लेपासह, हे आधी पाहावे.